वैष्णवीच्या अक्षरातली माझी दहावी

मार्च लागला की सकाळी दहाच्या सुमाराला जालन्यात आमच्या मस्तगडच्या रस्त्यावरून पोरं जायला लागतात. काखेत पॅड, हातात पारदर्शक पाऊच, पाऊचमध्ये दोन पेन, एक पट्टी आणि चार घड्या घातलेलं हॉलतिकीट. त्यांच्या मागून कुणाची तरी आई दह्याची वाटी घेऊन निम्म्या गल्लीपर्यंत येते. पेपर त्यांचा असतो आणि सारखी घड्याळाकडं बघते मी. बी.ए. होऊन इतकी वर्षं झाली, नोकरीत मुरले, तरी दरवर्षी हे असंच होतं.

मी बी.ए. आहे. आमच्या घरातली पहिली. बापाच्या बाजूनं मोजा नाहीतर मायच्या बाजूनं, दोन्हीकडून पहिलीच. हे मी कुणी न विचारता सांगते आणि त्याच दमात हेही सांगते की मला भराभर वाचता येत नाही. आजही येत नाही. मी एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात आहे. पिशवीवरचं लेबल मी बोट ठेवून वाचते आणि वाचून झालं की परत वाचते. नवीन साहेब आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "वेळ लागू द्या, चूक नको." मंग काय, ज्यांना पटपट वाचता येतं त्यांच्या चुका मीच काढत असते.

शनिवारी मी गावाकडं जाते. आष्टीच्या अलीकडं आमचं गाव. वाटेत मोसंबीच्या बागा लागतात आणि थंडी संपता संपता फुललेला बहार मार्चातही थोडा रेंगाळलेला असतो. एसटीची काच सरकवली की तो वास एकदम अंगावर येतो. इतर लोकांना त्या वासानं काय आठवत असेल ते असो. मला तेरा नंबरची खोली आठवते, प्रयोगशाळेच्या शेजारची. तिथं भिंतीला टेकवलेले लेझीम, हवा गेलेला व्हॉलीबॉल आणि समोर पेन उचलून बसलेली, माझ्यापेक्षा एका वर्गानं लहान मुलगी.

पण त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे.

शाळेत मी वात्रट म्हणून नावाजलेली होते. मराठीचे सर धडा वाचायला लावायचे, एकेकानं उभं राहून एकेक परिच्छेद. पहिल्या बाकावरून वाचन सुरू झालं की इतर पोरी धडा ऐकायच्या आणि मी डोकी मोजायचे. आपला परिच्छेद कोणता, त्यात जोडाक्षरं किती. ज्वारीची पेंढी बांधताना एक टोक आवळावं तर दुसरं सुटतं, तसं माझं ओळीचं व्हायचं. शेवटचा शब्द हाताला लागेपर्यंत पहिला निसटलेला. शेजारच्या बाकावर वाचन आलं की तळवे ओले व्हायचे. आणि माझी पाळी आली की मी उभी राहून म्हणायचे, "सर, या धड्यातली बाई दोन पानांपासून रडून राह्यली. आधी तिला पाणी नेऊन देऊ का?"

सगळा वर्ग फुटायचा. सर दाराकडं बोट करायचे. "बाहेर!"

बाहेर जायलाच तर ते सगळं होतं. व्हरांड्यात उभी राहून मी लिंबाच्या झाडाकडं बघायचे. आत पुढची मुलगी माझा परिच्छेद वाचत असायची. वात्रट म्हणवून घेणं मला परवडत होतं, ढ म्हणवून घेणं परवडत नव्हतं. लोक आपल्याला नाव ठेवणारच असतील तर ते आपणच निवडून द्यावं, एवढी अक्कल मला चौथी-पाचवीतच आली होती. कुणी शिकवली नाही. अशी अक्कल शिकवावी लागत नाही.

लेखी परीक्षेत मात्र विनोद चालत नाही. प्रश्नपत्रिका वाचण्यातच माझा निम्मा वेळ जायचा. उरलेल्या वेळात जे लिहायचे ते मलाच वाचता यायचं नाही. तरी ढकलत ढकलत नववीपर्यंत आले. पुढं दहावी होती, आणि दहावी कुणाला ढकलत नाही. आमच्याकडं दहावीला बसलेली माणसं पुष्कळ होती. दोन काका, एक आत्या, मोठा चुलतभाऊ. पास कुणीच नव्हतं. बाबांनी सरळ सांगितलं होतं, "एक डाव. पास झाली तर कॉलेजात घालतो, माझा शब्द. न्हाई झाली तर मंग वावरात ये. दुसऱ्यांदा बसायचं न्हाई. दुसऱ्यांदा बसून कुणी पास झाल्याचं मी तर आपल्या घरात पाह्यलं न्हाई."

बाबा रागानं बोलले नव्हते. राग त्यांना येतच नसे. गावात त्यांची ओळखच ती, हसवणारा माणूस. लग्नात, पारावर, अगदी मयतीलासुद्धा चहा पिताना लोक त्यांच्या शेजारची जागा धरायचे. "पोरगी बापावर गेली," असं सगळे म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

नववीतच शेख मॅडम आमच्या शाळेत आल्या. विज्ञान शिकवायच्या. घरी उर्दू, शाळेत मराठी, रागावल्या की दोन्ही एकदम. मी त्यांनाही हसवलं, त्या हसल्याही. पण एका दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं.

"महिनाभर बघून राह्यले मी तुला," त्या म्हणाल्या. "तोंडी विचारलं की बराबर उत्तर देतीस आणि गप बसतीस. पुस्तक हातात दिलं की तुझा तमाशा सुरू. असं का गं?"

मी काहीतरी गमतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"बिलकुल न्हाई. आत्ता हसवायचं न्हाई."

मला आठवतं, त्या खोलीत स्पिरिटचा वास होता आणि मला बोलायला दुसरं काहीच नव्हतं. विनोद काढून घेतल्यावर माझ्याकडं काय उरतं, ते मला त्या दिवशी कळलं. रडू उरलं होतं. मॅडमनी ते येऊ दिलं.

पुढं त्या आमच्या घरी आल्या. वाचण्या-लिहिण्याचा असा त्रास असतो, त्याला नाव आहे, त्याची तपासणी होते, दाखला मिळतो, परीक्षेला जास्तीचा वेळ मिळतो आणि लिहायला लेखनिक मिळतो, हे सगळं त्यांनी बाजेवर बसून समजावलं. बाबा ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी काय अधू हाये का? आख्ख्या शाळेला हसवून राह्यली ती!"

"तेच तर म्हणून राह्यले भाऊ. हुशार हाय म्हणून हसवती. अक्षरापाशी अडती, म्हणून हसवती."

माय चुलीपाशी होती. ती मागं न वळता म्हणाली, "दाखला म्हंजे कागदच ना? रेशनचा कागद चालतो, जातीचा चालतो, मंग ह्योच कसा चालत न्हाई?" बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मॅडमना विचारलं, "कुठं मिळतो ह्यो कागद?"

दाखल्यासाठी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मॅडम, बाबा आणि मी. खिडकीतून एक फॉर्म बाहेर आला. पालकांनी भरायचा होता. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला, लांब नेला, जवळ आणला, आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "साहेब, किती सुंदर कागद हाये. आम्ही नांगरणारी माणसं, आमच्या हातात दिला तर पेरून ठेवू. तुम्हीच करा बरं."

तो माणूस खळखळून हसला आणि त्यानं फॉर्म ओढून घेऊन स्वतः भरला. बाबा सांगत गेले, तो लिहीत गेला, शेवटी दोघं जुने मित्र असल्यासारखे बोलत होते. मी बाकावर बसून बघत होते. बाबांचा फॉर्म धरलेला हात ओला झालेला होता, कागदावर अंगठ्याचा डाग उमटला होता.

पोरगी बापावर गेली, असं लोक म्हणायचे ते खरंच होतं. पण ती कोणत्या वाटेनं गेली, हे त्या दिवशी फक्त मला दिसलं. मी कुणाला बोलले नाही. परतीच्या एसटीत बाबा कंडक्टरला हसवत होते आणि मी पहिल्यांदा हसले नाही.

लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, असा नियम. मी दहावीत गेले तेव्हा वैष्णवी शेजारच्या गावच्या शाळेत नववीला होती. दोन घट्ट वेण्या, मोत्यासारखं अक्षर आणि हसायचं तर नावच नको. मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "ही जे बोलील तेच लिहायचं. तुझ्या मनाचा एक शब्द घालायचा न्हाई, तिचा एक गाळायचा न्हाई." वैष्णवीनं मान हलवली.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सरावाला बसलो. खरं सांगायचं तर लेखनिक मिळाल्यावर माझी भीती कमी होण्याऐवजी वाढली होती. आजवर जे येत नाही ते मी कागदावर गिचमिड करून झाकायचे. आता ते तोंडानं, एका माणसासमोर, मोठ्यानं बोलायचं होतं. मंग मी माझी जुनी युक्ती वापरली. तासाभरानं मॅडम आल्या आणि त्यांनी वैष्णवीच्या हातातला कागद घेऊन वाचायला सुरुवात केली:

"जलसंधारण म्हणजे, थांब गं, पाण्यावरून आठवलं, तहान लागली. हां. जलसंधारण म्हणजे पाणी अडवणं. आमच्या गावात पाणी नळावर अडवतात आणि अडवणारी आमची काकू असते. हे लिहू नको. लिहिलंस का? अगं बाई, खरंच लिहून राह्यलीस का? पाणी अडवलं की ते जमिनीत मुरतं."

मॅडम वाचता वाचता खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वैष्णवी गंभीर होती. "तुम्हीच म्हणाल्या व्हत्या, एक शब्द गाळायचा न्हाई," ती म्हणाली.

हसून झाल्यावर मॅडमनी पेन काढलं आणि त्या पानावर उत्तर होतं तेवढ्याखाली रेघ ओढली. दोन ओळी. बाकी सगळं पान माझंच, माझ्याच तोंडचं, आणि त्यात उत्तराचं काही नव्हतं. मी रोज किती बोलते आणि त्यातलं किती झाकणासाठी असतं, ते असं सुवाच्य अक्षरात मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते पान वाचायलाही वेळ लागला नाही. पाठच होतं.

त्यावर आम्ही दोघींनी एक तोड काढली. माझा हात बाकावर असला की ते उत्तर, लिहायचं. हात उचलला की ते बोलणं, लिहायचं नाही. आठवड्याभरात ते अंगवळणी पडलं. गंमत म्हणजे हात बाकावर ठेवला की माझा आवाजही बदलायचा. सरळ यायचा. आणि हात फार वेळ उचललेला राहिला की वैष्णवी शांतपणे पेनाचं टोपण लावायची. तिचा तेवढाच विनोद.

परीक्षेच्या आधीच्या चतुर्थीला माय राजूरला गणपतीला निघाली. आमच्याकडची बायामाणसं परीक्षेचा पेन देवाच्या पायाला लावून आणतात. मी माझा पेन काढून दिला. मायनं तो हातात घेतला, जरा थांबली आणि परत दिला. "तुझ्या पेनाचं काय करू? लिहिणार ती हाये." आणि तीन किलोमीटर चालत वैष्णवीच्या घरी जाऊन तिचा निळा पेन घेऊन आली. राजूरहून परतल्यावर पेन तिला पोचवला आणि मला म्हणाली, "आ कर." माझ्या जिभेवर खडीसाखर ठेवली. "तुझं काम जिभेचं. म्हणून तुझ्यासाठी हे देवाला इच्चारून आणलं." देवाला माझी तोड पटली की नाही ठाऊक नाही, मायला बराबर कळली होती.

पहिल्या पेपरला पोरींनी फाटकापाशीच गाठलं. "मजा हाये बाई तुझी! सेक्रेटरी मिळाली."

"मंत्री काय हातानं लिहितो का?" मी म्हणाले, आणि सगळ्या हसल्या. पण तेरा नंबरच्या खोलीचं दार लागलं की हसणारं कुणी उरत नसे. मी, वैष्णवी आणि पर्यवेक्षक म्हणून आलेले एक वयस्कर सर. त्यांना आमच्या हाताचा प्रकार पहिल्या दिवशी संशयाचा वाटला. "ह्या काय खाणाखुणा चालल्यात?" मी तोड समजावून सांगितली. ते स्वतःचा हात टेबलावर ठेवून, उचलून बघायला लागले आणि म्हणाले, "आमच्या घरी असं पाहिजे."

पेपरामागून पेपर गेले. भाषांचे गेले, गणिताचे गेले. बाकीच्या वर्गांची घंटा व्हायची, पोरं आरडाओरडा करत निघून जायची, मैदान रिकामं व्हायचं, आणि आमच्या खोलीत जास्तीचा वेळ सुरू असायचा. त्या शांततेत वैष्णवीच्या पेनाचा आवाज यायचा. खिडकीतून मोसंबीचा वास यायचा. मैदानापलीकडच्या बागेचा. मला वाटतं मी आयुष्यात इतकं सलग खरं कधी बोलले नव्हते.

इतिहासाच्या पेपराला मी अडकले. मोठा प्रश्न होता, पाठ केलेला. पण तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. वैष्णवी पेन टेकवून वाट बघत होती. सर घड्याळाकडं बघत होते. तळवे ओले झाले. बाबांचा शब्द आठवला, एक डाव. वावर दिसायला लागलं. जुनं सगळं वर आलं, आता काहीतरी बोल, या दोघांना हसव आणि सुटून जा. जिभेवर आलंही होतं काहीतरी. पण सुटून जाणार कुठं? इथं बाहेर काढणारं कुणी नव्हतं. बाहेर गेले असते तर पेपर गेला असता.

"मला येत न्हाई," मी म्हणाले.

मंग वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "हात बाकावर हाये. लिहू का?"

आधी सर फुटले. चष्मा काढून त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मंग मी. आणि मंग, देवाशपथ सांगते, वैष्णवी हसली. पुढचा एक दात जरासा वाकडा होता तिचा. म्हणून कदाचित ती हसत नसावी. आम्ही तिघं त्या लेझमांच्या खोलीत आवाज दाबून हसत होतो आणि मला मधेच जाणवलं की हे हसू मी केलेलं नाही. ते माझ्या न येण्यावरच आलं होतं आणि तरी मला लागलं नव्हतं. आपल्याला येत नाही हे पहिल्यांदाच दोन माणसांना माझ्याच तोंडून कळलं होतं आणि छत काही कोसळलं नव्हतं.

"न्हाई," मी हात उचलून म्हणाले. "हे पेपराला न्हाई सांगितलं. तुला सांगितलं."

तिनं मान हलवली. पुढचा प्रश्न वाचला. त्याचं उत्तर निम्मं सांगून होतंय तोवर मागचं उत्तर आपोआप वर आलं, पहिल्या वाक्यापासून. मी हात बाकावर ठेवला.

पास झाले. मार्क सांगत नाही, सांगण्यासारखे नाहीत, पण सगळ्या विषयांत पास, पहिल्याच डावात. वैष्णवीला पेढे द्यायला गेले. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझी दहावी. एकटीनं गप बसून लिहायचं म्हंजे करमणार न्हाई मला." पुढं ती डी.एड. झाली, दुसऱ्या जिल्ह्यात असते. तिचं अक्षर अजून तसंच आहे. माझ्या नावानं राखीला एक पत्र येतं, मोठ्या मोकळ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. ती जागा तिनं माझ्यासाठी सोडलेली असते, हे आम्ही दोघी एकमेकींना कधी बोललो नाही.

लोक विचारतात, आता विनोद करत नाहीस का? करते की. भरपूर करते. ऑफिसात डबा खाताना माझ्या शेजारची जागा धरतात. आपली मुलगी वर्गात फार मस्ती करते, अभ्यासात लक्ष नाही, असं कुणी सांगायला लागलं की मी एवढंच विचारते, कधी करते? कोणत्या तासाला? हातात काय दिल्यावर? बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांनी फक्त हसणं पाहिलेलं असतं.

दहावीनंतर अकरावीच्या प्रवेशाला बाबा माझ्याबरोबर कॉलेजात आले. धुतलेलं धोतर, टोपी, नवी चप्पल. रांग खिडकीपासून जिन्यापर्यंत गेलेली. आमचा नंबर आला तशी कारकुनानं एक छापील हमीपत्र पुढं केलं. "पालकांनी वाचून सही करायची. वाचून बरं का, नंतर म्हणायचं नाही मला माहीत नव्हतं."

बाबांनी कागद दोन्ही हातांनी धरला. लांब नेला. जवळ आणला. मिशी हलली. मला ठाऊक होतं आता काय येणार. कारकूनही हसायच्या तयारीत आला होता, बाबांचा चेहराच तसा होता. रांगेतली दोन माणसं पुढं झुकली.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "मला वाचता येत न्हाई. ही वाचील."

आणि कागद माझ्या हातात दिला. बारीक अक्षर, लांबच लांब ओळी. मी बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या ओळीला अडखळले, परत मागं गेले, शब्द फोडला, जोडला, पुढं सरकले. बाबा कान देऊन ऐकत होते. प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जणू एकेक वाक्य तपासून घेत होते. दुसरा परिच्छेद सुरू झाला तसा मागून कुणीतरी ओरडलं, "अवो, जल्दी करा की! बस जाईल आमची."

मी शब्दाच्या मधेच थांबले. बाबा सावकाश मागं वळले.

"थांबा की जरा," ते म्हणाले. "माझी पोरगी वाचून राह्यली."